रस्त्यावरील इशारा-फलक : घडण, निगा आणि शाळा

शाळेच्या जडवस्तुसंग्रह नोंदवहीत फळा, घंटा, खुर्च्या, पाण्याची टाकी या सर्वांची नोंद असते. शाळेच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या त्रिकोणी फलकाची नोंद तीत नसते, आणि नियमाप्रमाणे ती असण्याचे कारणही नाही. तो फलक रस्त्याच्या मालकीचा आहे, शाळेच्या नव्हे. तथापि ज्या थोड्या वस्तूंवर मुलांचा जीव प्रत्यक्ष अवलंबून असतो, त्यांत त्याची गणना करावीच लागेल. तो कसा घडतो, कशाने निकामी होतो आणि शिक्षकाने त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

उदाहरणासाठी घोडबंदर रस्ता घेतला आहे. ठाण्याच्या माजिवड्यापासून निघून मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ही गावे मागे टाकीत, गायमुखाच्या चढणीवरून हा रस्ता घोडबंदरास पोहोचतो आणि तेथे मुंबई–अहमदाबाद महामार्गास मिळतो. एका अंगास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर व दुसऱ्या अंगास खाडी, अशा पट्ट्यातून तो जातो. एके काळी ही भातशेतीची व मिठागरांची गावे होती. १९८२ साली ठाणे महानगरपालिका स्थापन झाली, गावे शहरात गेली, शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या, रस्ता रुंदावला, त्यावर उड्डाणपूल आले. उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदर व गुजरात यांच्यामधील अवजड मालमोटारीही याच रस्त्याने धावू लागल्या. रस्ता असा वाढला; तो ओलांडून शाळेत जाणारे मूल मात्र पूर्वीच्याच उंचीचे राहिले.

आपल्या शाळा भिवंडी, शहापूर, मुरबाड, कल्याण व अंबरनाथ या तालुक्यांत आहेत. घोडबंदर रस्त्याशी त्यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, मुंबई–नाशिक महामार्गालगतची आणि कल्याण–मुरबाड–माळशेज रस्त्यालगतची आपली गावे त्याच वाटेने चालली आहेत. जे घोडबंदर रस्त्यावर घडून गेले, ते त्यांच्या दारी येऊन ठेपले आहे.

प्रथम फलकाची भाषा पाहू. ती अक्षरांची नाही, आकारांची आहे. लाल कडा असलेला त्रिकोण, टोक वर, म्हणजे सावधगिरीचा इशारा : पुढे वळण आहे, चौक आहे, शाळा आहे. वर्तुळ म्हणजे आज्ञा. लाल कडेचे वर्तुळ बहुधा मनाई सांगते, निळे वर्तुळ अमुक करावेच असे सांगते. आयत केवळ माहिती देतो. या नियमाला दोन अपवाद मुद्दाम ठेवलेले आहेत. ‘थांबा’ हा फलक अष्टकोनी असतो आणि ‘वाट द्या’ हा फलक टोक खाली केलेला त्रिकोण असतो. दुसऱ्या कोणत्याही फलकास ते आकार दिलेले नसल्यामुळे, चिखलाने माखला असता किंवा मागील बाजूने पाहिला असताही तो फलक ओळखू येतो. आकारांचा हा उपयोग भूमितीच्या तासाला सांगितल्यास अष्टकोन मुलांच्या कायमचा लक्षात राहील.

चित्रांची ही भाषा एका देशाची नाही. १९०९ साली पॅरिस येथे झालेल्या मोटारविषयक आंतरराष्ट्रीय करारात अवघ्या चार खुणा ठरल्या होत्या : रस्त्यातील खाचखळगा, वळण, चौक आणि रेल्वेचे फाटक. पुढे १९६८ साली व्हिएन्ना येथे रस्त्यावरील खुणांचा विस्तृत करार झाला व १९८० साली भारत त्यात सहभागी झाला. घोडबंदर रस्त्यावर एका रात्रीत गुजरात, राजस्थान, उत्तर प्रदेश, तामिळनाडू अशा अनेक प्रांतांचे चालक येऊन जातात. त्यांतील अनेकांना ‘पुढे शाळा आहे’ हे मराठी शब्द वाचता येणार नाहीत. दप्तर घेतलेली दोन मुले मात्र प्रत्येकास समजतात.

या दोन मुलांच्या चित्राचाही इतिहास आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी शाळेच्या फलकावर पेटती मशाल असे. मशाल म्हणजे ज्ञान, हा अर्थ सुशिक्षितास ठाऊक. भरधाव गाडी हाकणाऱ्यास त्यावरून मुले आठवावीत, ही अपेक्षा जरा जास्तच म्हणावी लागेल. त्यानंतरच्या चित्रात टोपी घातलेला मुलगा लहान मुलीस पुढे नेताना दाखविला होता. जॉक किनिअर व मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी ब्रिटनचे सर्व फलक नव्याने आखले व ते १९६५ पासून लागू झाले. त्या वेळी कॅल्व्हर्टबाईंनी हा क्रम उलटविला. मोठी मुलगी धाकट्या मुलाचा हात धरून चालली आहे, असे चित्र त्यांनी काढले आणि त्या मुलीच्या ठिकाणी आपलेच बालपणीचे रूप घेतले. आपल्या खेड्यांतही धाकट्या भावाला शाळेत नेणारी बहुधा ताईच असते.

आता मुख्य विषयाकडे वळू. फलक दिवसा दिसतो, कारण सूर्यप्रकाश सर्व बाजूंनी त्यावर पडतो. रात्री त्यावर पडणारा प्रकाश एकच, गाडीच्या दिव्यांचा. आणि तो नेमका त्याच गाडीतील चालकाच्या डोळ्यांकडे परत गेला पाहिजे. साधा रंग हे काम करू शकत नाही. त्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो आणि चालकापर्यंत त्याचा अल्प अंश पोहोचतो. आरसाही निरुपयोगी, कारण तिरपा आलेला प्रकाश तो दुसऱ्याच दिशेस फेकतो. यास्तव फलकावर एक विशेष पापुद्रा चिकटवितात. बाजारात त्याला ‘रेडियम’ म्हणतात. त्यात रेडियम हे मूलद्रव्य मुळीच नसते. जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवरील चमकणाऱ्या रंगात ते असे. तेथून हे नाव लोकांच्या तोंडी बसले असावे. शिवाय तो रंग अंधारात स्वतः प्रकाशत असे, हा पापुद्रा प्रकाश पडल्यावाचून चमकत नाही. विज्ञानाच्या तासाला हा भेद अवश्य स्पष्ट करावा.

हा पापुद्रा दोन प्रकारांनी काम करतो. एका प्रकारात सूक्ष्म काचमणी बसविलेले असतात. मण्यात शिरलेला किरण वाकून त्याच्या पाठीमागील चकचकीत थरावर पडतो आणि आला त्याच वाटेने परततो. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने रात्री विजेरी घेऊन जाणाऱ्यास बिबळ्याचे डोळे चमकताना दिसतात, त्यातही डोळ्याच्या मागील परावर्तक थराचा असाच संबंध असतो. दुसऱ्या प्रकारात मण्यांऐवजी परस्परांशी काटकोन करणाऱ्या तीन लहान पृष्ठांचे कोपरे असतात. हे समजावून देण्यास उपकरण लागत नाही. वर्गाच्या कोपऱ्यात, जेथे दोन भिंती व जमीन मिळतात तेथे, रबरी चेंडू नेमका मारावा. तो तिन्ही पृष्ठांवर आदळून फेकणाऱ्याच्याच दिशेने परत येतो. दोन लहान आरसे पुस्तकासारखे काटकोनात उभे केले तर मूल समोरून थोडे इकडेतिकडे सरकले तरी त्याला आपला चेहरा सांध्यावरच दिसत राहतो. (जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांनी अशाच शंभर कोपऱ्यांची चौकट तेथे ठेवली, आणि पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण तिच्यावरून परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून चंद्राचे अंतर मोजले जाते. मुलांना हे फार आवडते.)

कोकणातील पावसाळ्यात या रचनेचे महत्त्व अधिकच वाढते. रस्त्यावरील पांढऱ्या पट्ट्यांतही काचमणी टाकलेले असतात, पण ते उघडे असतात. त्यांवर पाण्याचा थर साचला की पट्टी मावळल्यासारखी होते. फलकावरील मणी किंवा कोपरे पापुद्र्याच्या आत बंदिस्त असतात. त्यामुळे मुसळधार पावसात, रस्त्यावरील पट्ट्या दिसेनाशा झाल्यावर, चालकाचा भरवसा फलकांवरच उरतो.

अशा फलकाची घडण कार्यशाळेत कशी होते? आज पुष्कळसे फलक ठेकेदारांकडून तयार होऊन येतात; परंतु काम कोणीही केले तरी त्याच्या पायऱ्या त्याच आहेत. पूर्वी लोखंडी पत्र्यावर तांबडा प्राइमर, त्यावर रंगाचे दोन हात आणि साच्याने किंवा ब्रशाने काढलेले चित्र, असा प्रकार होता. पेंटर चांगला असेल तर काम देखणे होई, मात्र रात्री त्याचा उपयोग बेताचाच. आता अॅल्युमिनियमचा पत्रा वापरतात : लहान फलकास दीड मिलिमीटर जाडीचा, मोठ्यास दोन मिलिमीटर. पत्रा कातरून त्याचे कोपरे गोल करतात, कडा कानशीने घासतात व भोके पाडतात. त्यानंतरची पायरी वरकरणी क्षुल्लक, पण सर्वांत महत्त्वाची आहे. पत्र्यावरील तेलकटपणा पूर्णपणे काढून टाकावा लागतो. तो निघाला की नाही, याची कारागिराची परीक्षा सोपी आहे. पत्र्यावर पाणी ओतावे. ते अखंड पसरले तर पत्रा स्वच्छ, थेंबाथेंबांत तुटले तर तेल शिल्लक आहे. अळूच्या पानावरचे पाणी पाहिलेल्या मुलांना याचे मर्म सांगावे लागणार नाही.

पत्रा कोरडा झाल्यावर पापुद्र्याच्या पाठीचा कागद थोडा थोडा सोडवीत एका कडेपासून रोलरने दाबत नेतात. आत हवेचा फुगा राहू देत नाहीत, कारण उन्हाने तो फुगतो व फुटतो. मोठ्या फलकावर दोन पट्टे जोडावे लागले तर वरचा पट्टा खालच्यावर येईल असा ठेवतात. कौले शाकारण्याची जी रीत, तीच येथे. मग चित्र व कडा छापतात किंवा कापून चिकटवितात. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. लाल कडेची शाई पारदर्शक असते. प्रकाश तिच्यातून आत जातो आणि लाल होऊन परत येतो. मुलांचे काळे चित्र मात्र अपारदर्शक असते, ते प्रकाश परतवीत नाही. रात्री दिसते ते उजळ पार्श्वभूमीवरील काळे चित्र. पाठीमागून करडा रंग देऊन आणि लोखंडी अँगलची चौकट लावून फलक खांबावर चढवितात. खांबावर २५ सेंटिमीटरांचे काळे-पांढरे पट्टे असतात व जमिनीलगतचा पट्टा काळा असतो. जेथे पदपथ नाही तेथे फलकाची खालची कडा रस्त्यापासून निदान दीड मीटर उंच असावी लागते.

अक्षरे लिहिलेल्या फलकांविषयी एकच सांगतो. देवनागरीची शिरोरेषा व तिच्यावरील मात्रा यांना जागा लागते. इंग्रजी अक्षरांच्या मापाच्या ओळीत देवनागरी कोंबली की मात्रा शिरोरेषेस चिकटतात. ‘ख’चे दोन भाग खाली जोडलेले नसतील तर ‘गायमुख’ हे नाव वेगात ‘गायमुरव’ असे वाचले जाते. आपण पहिलीच्या वर्गात ज्या अक्षराचा आग्रह धरतो, तो रस्त्यावरही तितकाच लागू आहे.

फलक उभारल्यानंतरची कथा निगेची आहे, आणि माझ्या मते आपल्याकडील खरी उणीव तेथेच आहे. फलक बसविण्याचे काम एका दिवसात होते व त्याचे देयक निघते. त्याकडे पाहण्याचे काम सात ते दहा वर्षे चालते, कारण चांगल्या पापुद्र्याचे आयुष्य साधारणतः तेवढे असते. उन्हाने लाल रंग सर्वांआधी विटतो. डिझेलचा काजळीयुक्त धूर व धूळ यांचा थर बसतो. पावसाळ्यात सावलीतील फलकावर शेवाळ चढते, वेल खांबावरून वर जाते, वडाची एखादी फांदी दोन महिन्यांत फलक झाकून टाकते. खांबाचा बुंधा जमिनीलगत गंजतो आणि एका सोसाट्यात फलक वाकतो. मनुष्याचा उपद्रव वेगळाच. अॅल्युमिनियमला भंगारात भाव असल्याने फलक चोरीस जातात. वाढदिवसाचे फ्लेक्स त्यांच्यासमोर टांगले जातात. मोठ्या बांधकामात तर रस्त्याची वळणेच वारंवार बदलतात. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या उभारणीच्या काळात पत्र्यांचे अडोसे उभे राहिले व मार्गिका सरकल्या. अशा कामात जुना फलक जागेवर तसाच राहिला, तर तो आता नसलेल्या चौकाचा इशारा देत उभा असतो. चुकीचा इशारा हा इशारा नसण्यापेक्षा अधिक घातक होय, कारण दोन-चार फलक खोटे ठरले की चालक पाचव्याकडे पाहत नाही.

परंतु सर्वांत मोठे नुकसान होते ते सद्हेतूने. गावातील उत्साही तरुण मंडळ किंवा एखादी शाळा स्वच्छतेच्या मोहिमेत शाळेपुढील विटलेला फलक घासून त्यावर ऑइलपेंटचा नवा हात देते. पंधरा ऑगस्टला तो फलक झळाळतो, पाहुणे कौतुक करतात. त्याच रात्री तो आंधळा झालेला असतो. पापुद्र्यावर अपारदर्शक रंग बसला की आत प्रकाश जात नाही आणि म्हणून परतही येत नाही. विटलेला पण रात्री अर्धवट चमकणारा फलक त्यापेक्षा कितीतरी बरा होता. म्हणून शिक्षकबंधुभगिनींना आग्रहाची विनंती अशी की, रस्त्यावरील फलक कोणीही रंगवू नये व गावात रंगवू देऊ नये. धुण्यास मात्र हरकत नाही : स्वच्छ पाणी, थोडा साबण व मऊ फडके पुरेसे आहे. राख, वाळू, काथ्या, रॉकेल यांपैकी काहीही वापरू नये. त्याने पृष्ठभाग खरवडतो किंवा पापुद्रा सुटतो. आणि हे काम रस्त्याच्या कडेला असल्यामुळे मोठ्या माणसांनीच करावे, मुलांकरवी कदापि करवू नये.

फलकाची खरी तपासणी रात्रीच होते. काळोख पडल्यावर फलकासमोर तीस पावलांवर, रस्त्याच्या कडेच्या बाहेर उभे राहावे व विजेरी डोळ्याच्या अगदी जवळ, कानशिलाशी धरून फलकावर रोखावी. चांगला फलक एकदम उजळतो. मग तीच विजेरी सोबत्याच्या हाती देऊन त्याला पाच-सहा पावले बाजूस उभे करावे. फलक मंद होतो, कारण आता प्रकाश त्याच्याकडे परत जातो, आपल्याकडे नाही. पहिल्याच वेळी फलक राखाडी राहिला, किंवा त्यावर काळे डाग दिसले, तर तो बदलण्यास आला असे समजावे.

फलक लांबून दिसणे इतके आवश्यक का, हे सातवीच्या गणितात बसते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदास सुमारे १६.७ मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात ती ४२ मीटर गेलेली असते, आणि त्यानंतर थांबण्यास आणखी सुमारे ३८ मीटर लागतात. एकूण ८० मीटर. वेग ४० असेल तर ४५ मीटर, आणि २५ असेल तर केवळ २५ मीटर पुरतात. वेग अडीचपटीहून कमी वाढला, पण लागणारे अंतर तिपटीहून अधिक झाले, हे मुलांनी स्वतः भागाकार करून काढावे. मैदानावर ८० मीटर पावलांनी मोजून दाखविले तर वाहन ‘लांब आहे’ या शब्दांचा अर्थ त्यांना नव्याने कळेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ६७ क्रमांकाच्या संहितेत, जी प्रथम १९७७ साली निघाली व वेळोवेळी सुधारली गेली, इशारा-फलक धोक्याच्या किती आधी असावा याची अंतरे दिलेली आहेत. बराच काळ चालत आलेल्या तिच्या कोष्टकात सपाट प्रदेशातील राष्ट्रीय व राज्य महामार्गांवर १२० मीटर, प्रमुख जिल्हा मार्गावर ९०, इतर जिल्हा मार्गावर ६० व गावरस्त्यावर ४० मीटर असे आकडे होते. यावरून एक गोष्ट लक्षात येईल : गावरस्ता जेव्हा रुंद होऊन प्रमुख जिल्हा मार्ग बनतो, तेव्हा फाटकापासून ४० मीटरांवर उभा असलेला जुना फलक जागेवर असूनही अपुरा ठरतो.

कायद्यातील दोन तरतुदी शिक्षकांस ठाऊक असाव्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११६ अन्वये वाहतुकीचा फलक हेतुपुरस्सर काढणे, बदलणे वा विद्रूप करणे यास मनाई आहे. त्याच कलमाप्रमाणे एखाद्याच्या हातून अपघाताने फलक निकामी झाला, तर त्याने ती गोष्ट शक्य तितक्या लवकर, आणि फार तर २४ तासांत, पोलिसांस कळविली पाहिजे. मालमोटारीने धडक दिलेला खांब महिनोन्महिने वाकलेला पाहिला की ही दुसरी तरतूद कोणासही ठाऊक नसावी, असे वाटू लागते.

तक्रार कोणाकडे करावी, हा प्रश्न रस्त्याच्या दर्जावर अवलंबून आहे. गावरस्ते व इतर जिल्हा मार्ग यांसाठी आपल्याच जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. प्रमुख जिल्हा मार्ग व राज्य मार्ग यांसाठी राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग. राष्ट्रीय महामार्गासाठी त्याची स्वतंत्र यंत्रणा. शहराच्या हद्दीतील अंतर्गत रस्त्यांसाठी महानगरपालिका वा नगरपरिषद. दर्जा ठाऊक नसेल तर रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड पाहावा : राष्ट्रीय महामार्गावर त्याचा माथा पिवळा असतो, राज्य मार्गावर हिरवा. घोडबंदर रस्त्यासारख्या ठिकाणी महानगरपालिका, बांधकाम विभाग, मेट्रोचे काम पाहणारे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण व वाहतूक पोलीस या सर्वांचा संबंध येतो. तेथे पत्राची प्रत सर्वांस पाठविणे बरे.

पत्रात केवळ ‘फलक खराब आहे’ असे लिहू नये. रस्त्याचे नाव, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा, कोणत्या गावाकडे जाताना व कोणत्या हातास, फलकाचा आकार व चित्र, दोष नेमका कोणता (विटला, झाकला, वाकला, नाहीसा झाला), आणि रात्रीच्या तपासणीचा दिनांक, इतके पाच-सहा ओळींत लिहावे. मुख्याध्यापकांची सही घ्यावी, ग्रामपंचायतीस प्रत द्यावी व जावक नोंदवहीतील क्रमांक पत्रावर टाकावा. तपासणी जूनमध्ये शाळा उघडताच एकदा व दिवाळीच्या सुटीनंतर एकदा करावी. पावसाळ्यातील वेली व शेवाळ यांचा परिणाम दुसऱ्या वेळी दिसतो. दोन्ही दिनांक शाळेच्या शेरेबुकात नोंदवून ठेवल्यास केंद्रप्रमुखांच्या भेटीच्या वेळी ते दाखविता येतील.